झिरो बघा

तुर्भ्याच्या पंपावरची शेवंता
नळी टाकीत घालायच्या आधी म्हणते, "काका, झिरो बघा."
मी बघतो.
पुढचे आकडे बघवत नाहीत.
शून्य मात्र जिथल्या तिथे आहे,
माझ्या पहिल्या गाडीपासून एका पैशानं वाढलेलं नाही.

आधी मी म्हणायचो, "फुल कर."
मग लिटरमध्ये बोलायला लागलो.
आता रुपयांत सांगतो, तेही हळू, "सातशेचं",
मेडिकलवाल्याकडे पाकिटातल्या
चारच गोळ्या कापून मागाव्यात तसं.

कांदा-बटाटा मार्केट ते जांभळी नाका.
भाडं गेल्या गणपतीत ठरलं तेच.
शेठ म्हणतो, परवडत नसेल तर बाहेर चार टेम्पो उभे आहेत.
मी बाहेर जाऊन मोजले.
पाच होते.

रस्ता आता पायाच्या तळव्याला पाठ झालाय.
घणसोलीचा पूल चढताना गाडी घटाघटा पिते,
मी श्वास धरून बसतो, जणू तेवढंच वजन कमी.
माथ्यावर न्यूट्रल.
मग पन्नास गोणी कांदा आणि मी
नुसते ओघळत जातो उतारावरून,
इतके गुपचूप, की ताडपत्रीची दोरी
पत्र्यावर आपटलेली ऐकू येते.
बाप म्हणायचा, न्यूट्रलवर गाडी आपली नसते.
खरंच आहे.
पण त्याला कधी उतार साठवावे लागले नाहीत.

घरीही तेच. तिसऱ्या शिट्टीआधी मी गॅस बंद करतो.
निर्मला विचारते, "उरलेल्या वाफेवर शिजतो का भात?"
शिजतो.
मधोमध जरा कच्चा राहतो.

येताना रिकामं यायचं नाही, हा नियम.
कळव्याहून कधी मंडपाच्या खुर्च्या,
एकदा कुठल्याशा शाळेचा काढून टाकलेला फळा,
एकदा सासर सोडून निघालेल्या मुलीचं कपाट
आणि शेजारच्या सीटवर ती मुलगी.
ऐरोलीपर्यंत एक शब्द नाही.
तिच्या भाड्यातले पन्नास मी सोडले,
दुसऱ्या दिवशी शेवंताकडे
साडेसहाशेचं म्हणालो.

रात्री गाडी मार्केटच्या मागच्या भिंतीला.
झोपायच्या आधी बोटाच्या पेरानं टाकी वाजवतो,
फळबाजारात कलिंगड वाजवतात तशी.
आवाजावरून कळतं, तळाशी किती बोटं उरलंय.
परवा रात्री अडीचला
दुसरंच कोणीतरी वाजवत होतं.

उतरलो.
कोळपे.
करमाळ्याचा, माझ्याही आधीपासून या लाइनवर.
त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात मी पंगतीला वाढलंय.
गुडघ्यांवर बसलेला, हातात नळी,
आणि ओढताना एक घोट घशात गेलेला.
ओकत होता. मध्येच हात वर करून
"थांब, सांगतो" म्हणत होता,
आणि सांगत काहीच नव्हता.

मी केबिनमधली बाटली आणली. चूळ भर म्हटलं.
कॅनमध्ये आलं असेल दोनेक लिटर.
ते परत माझ्या टाकीत घालायला हात होईना,
मग त्याच्याच गाडीचं झाकण उघडून ओतलं.
ओततानाच, सवयीनं,
तोंडातून निघून गेलं, "झिरो बघ."
तो हसला नाही.
मीही हसवायला म्हणालो नव्हतो.

त्या रात्रीबद्दल नंतर बोलणं नाही.
टायरबद्दल होतं, शेठबद्दल होतं, जावयाबद्दलही.
फक्त आता आम्ही गाड्या टाकीला टाकी भिडवून लावतो,
त्याचं तोंड पनवेलकडे, माझं ठाण्याकडे.
मध्ये माणूस सोडा, मांजर शिरणार नाही.
याला भरवसा म्हणावं की काय म्हणावं,
मी ठरवलेलं नाही.

तो समोर उभा राहतो, मोबाइलची बत्ती दाखवत.
"दाबून घे," म्हणतो,
"अजून चार बोटं.
अजून.
बस."